ब्रँड कोणता? त्याआधी विचारा, बोर्ड कितीला?

या वेळच्या पत्रांत एकच चिंता वेगवेगळ्या रूपांत आली आहे: घरातलं यंत्र घ्यायचं तर कुणाचं, आणि ते बिघडलं की खिशाला चाट किती बसणार? उत्तरांत दिलेले भाव शहरातल्या दुरुस्तीचे साधारण भाव आहेत. मॉडेल आणि गाव बदललं की आकडा मागेपुढे होतो.

प्रश्न : मुलीचं नवं घर मांडायचं आहे. फ्रिज आणि वॉशिंग मशीन हवं आहे. शेजारीण एक कंपनी सांगते, दुकानदार दुसरी, मेकॅनिक तिसरी. सर्वांत भरवशाची कंपनी कोणती? (नाशिक)

तिघांपैकी कुणी खोटं बोलत असेल असं नाही, पण तिघांचंही ऐकून लगेच पैसे मोजू नका. शेजारणीचा अनुभव एका यंत्राचा आहे. दुकानदाराला ज्या मालावर जास्त सुटतं, तो त्याच्या तोंडी आधी येतो. मेकॅनिकचं मत सर्वांत मोलाचं, मात्र तेही गाळून घ्यावं लागतं. ज्या कंपनीचा माल गावात जास्त खपला, तिचीच यंत्रं त्याच्या दुकानात जास्त दिसणार. दुकानात पडलेल्या दहा मशीनांपैकी सहा एकाच कंपनीची असली, तरी त्यावरून ती कंपनी वाईट ठरत नाही. गावातल्या दर दहा घरांपैकी सात घरांत तिचंच मशीन असेल, तर हा आकडा उलट तिच्या बाजूचा आहे.

म्हणून मेकॅनिकला ‘कंपनी कुठली चांगली’ असं मोघम विचारू नका. विचारा : या मशीनमध्ये पहिल्या पाच वर्षांत काय जातं? तो भाग कुठून आणता, किती दिवस लागतात, कितीला पडतो? आणि कुठल्या कंपनीचं काम तुम्ही घेतच नाही? हा शेवटचा प्रश्न चुकवू नका. मेकॅनिक काम नाकारतो ते बहुधा भाग मिळत नाहीत म्हणून, आणि भाग न मिळणारं यंत्र कितीही मजबूत असलं तरी एका बिघाडात अडगळीत जातं.

दुसरी गोष्ट नावाची. आपण ‘कंपनी’ म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर एक कारखाना असतो. प्रत्यक्षात एलजी, व्हर्लपूल आणि हायर यांचे कारखाने पुण्याजवळ रांजणगावात शेजारीशेजारी आहेत, गोदरेजचा शिरवळला आहे, आयएफबीची वॉशिंग मशीन गोव्यात वेर्ण्याला बनतात. दुसरीकडे अँबर एंटरप्रायझेस, डिक्सन टेक्नॉलॉजीज यांच्यासारख्या कंपन्या इतर अनेक ब्रँडांसाठी एसी आणि वॉशिंग मशीन तयार करून देतात. काही जुनी, ओळखीची नावं तर आता नुसती परवान्यावर चालतात: नाव एकाचं, माल दुसऱ्याचा, सेवा तिसऱ्याची. खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता छापणं कायद्याने बंधनकारक आहे, तेवढं वाचा. नाव मोठं आणि खाली पत्ता अनोळखी कंपनीचा असेल, तर पुढच्या सात-आठ वर्षांत सुटे भाग कोण देणार, हे दुकानदाराकडून लेखी घ्या. व्हिडिओकॉन हे मराठवाड्यातलं घराघरांत पोहोचलेलं नाव. 2018 मध्ये त्या कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. नाव कितीही परिचयाचं असलं, तरी यंत्राच्या आयुष्यभर त्यामागे कंपनी उभी राहीलच असं नसतं.

आता करायचं काय? पसंत पडलेल्या दोन-तीन मॉडेलांचे पूर्ण क्रमांक लिहून घ्या आणि खरेदीच्या आधी कंपनीच्या नाशिकमधल्या अधिकृत सेवा केंद्राला फोन करा. वॉशिंग मशीनसाठी चार भाव विचारा : मुख्य बोर्ड (यंत्र चालवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी), ड्रेन पंप (पाणी बाहेर टाकणारा), दाराचं रबर, आणि बेअरिंग बदलण्याचा मजुरीसकट खर्च. फ्रिजसाठीही चार : बोर्ड, डीफ्रॉस्ट हीटर (साचलेला बर्फ वितळवणारा) आणि सेन्सर, दाराचं गॅस्केट (रबरी पट्टी), कॉम्प्रेसर. समजा मशीन 24,000 रुपयांचं आणि बोर्ड 6,500 चा. म्हणजे एकटा बोर्डच किमतीच्या पाव हिश्शाहून महाग. अशा मॉडेलावर फुली मारायला हरकत नाही. सेवा केंद्र भाव सांगायलाच तयार नसेल, तर तेही उत्तरच समजा.

फ्रंट लोड घेणार असाल तर आणखी एक विचारा : बाहेरचा टब स्क्रूने जोडलेला आहे की प्लास्टिक वितळवून कायमचा बंद केलेला? बेअरिंग टबच्या आत असतं. स्क्रूचा टब उघडून बेअरिंग आणि सील बदलता येतं, खर्च साधारण 2,500 ते 4,500 रुपये. वितळवून बंद केलेल्या टबात बेअरिंग गेलं की कंपनी अख्खी टब-ड्रमची जोडणी बदलायला सांगते आणि तो आकडा मशीनच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. दोन्ही मशीन शोरूममध्ये सारखीच चकचकीत दिसतात.

ऑनलाइन मतं वाचायची तर ‘खूप छान, वेळेवर आलं’ ही पहिल्या आठवड्यातली मतं सोडून द्या. ‘दोन वर्षं झाली’, ‘वॉरंटी संपल्यावर’ असे शब्द टाकून शोधा, आणि तक्रार यंत्राची आहे की बसवायला आलेल्या माणसाची, हे वेगळं काढा. एक कंपनी सगळ्याच वस्तूंत सारखी चांगली नसते. फ्रिजमध्ये मुरलेली कंपनी एसीत नवखी असू शकते. बाजारात दोन-तीन वर्षं खपलेलं मॉडेल नुकत्याच आलेल्या मॉडेलपेक्षा सुरक्षित, कारण तोवर त्याची दुखणी मेकॅनिकांना कळलेली असतात आणि भाग बाजारात उतरलेले असतात.

प्रश्न : टॉप लोड मशीन ‘मोटरवर 10 वर्षं वॉरंटी’ वाचून घेतलं. तिसऱ्या वर्षी बंद पडलं. बोर्ड गेला म्हणून 7,800 रुपयांचं कोटेशन दिलं आहे. ही फसवणूक नाही का? (लातूर)

कागदावर फसवणूक नाही, पण जाहिरात ज्यावर बोट ठेवते ते आणि प्रत्यक्ष जे बिघडतं ते, यांत मोठं अंतर आहे. वॉरंटी कार्डावर बहुधा असं असतं : संपूर्ण यंत्रावर 2 वर्षं, फक्त मोटरवर 10 वर्षं. त्या ‘फक्त’मध्ये मोटरचा सुटा भाग येतो. मजुरी, भेटीचे पैसे आणि मोटरला चालवणारा बोर्ड त्यात नसतो. नव्या मशीनांतली ब्रशविरहित मोटर सहसा दहा वर्षं चालतेच. कंपनी ज्या भागाची एवढी खात्री देते, तो भाग मुळात क्वचित बिघडतो. जोखीम असते बोर्डात, आणि त्यावर खात्री दोनच वर्षांची असते.

बोर्ड का जातो? वीज जाऊन परत येताना व्होल्टेज उसळतं. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला, तर 230 च्या जागी 350-400 व्होल्टपर्यंत दाब घरात शिरू शकतो. टॉप लोडच्या वरच्या पट्टीखालचा बोर्ड वाफेने आणि ओल्या हातांनी दमट होतो. झुरळं उबेला आत शिरतात आणि त्यांच्या विष्ठेने शॉर्ट होतो. मशीनच्या पायाशी उंदरांनी वायर कुरतडली, तरी दिसायला बिघाड ‘बोर्डाचा’च दिसतो.

म्हणून 7,800 देण्याआधी तीन गोष्टी करून घ्या. एक, निदान लेखी मागा : बोर्डावरचं नेमकं काय गेलं? प्लग, फ्यूज, दाराचं स्विच आणि वायरिंग तपासलं का? दोन, बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. बहुतेक वेळा एमओव्ही (म्हणजे व्होल्टेजचा दाब झेलून स्वतः फुटणारी चकती), फ्यूज, पॉवर सप्लायचं आयसी, कपॅसिटर किंवा रिले एवढंच गेलेलं असतं आणि काम 800 ते 2,000 रुपयांत होतं. लातुरात कुणी नसेल तर पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीच्या परिसरात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला असं काम करणारे आहेत. बोर्डाचा फोटो आणि मशीनचा मॉडेल क्रमांक आधी पाठवून विचारा. मात्र बोर्ड चिकट, पारदर्शक रेझिनमध्ये बुडवलेला असेल तर दुरुस्ती अवघड जाते, तेव्हा बोर्ड पाठवण्याआधी तेही विचारा. तीन, नवा बोर्ड घ्यायचाच ठरला तर जुना बोर्ड परत मागा आणि नव्यावर किती महिन्यांची खात्री आहे, ते बिलावर लिहून घ्या.

तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल, तर पुढचा बिघाड बहुधा इनलेट व्हॉल्व्हचा, म्हणजे पाणी आत सोडणाऱ्या झडपेचा असेल. पाइप काढून आतली जाळी महिन्यातून एकदा ब्रशने धुवा. दर दोन महिन्यांनी रिकाम्या ड्रममध्ये 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल, घालून सर्वांत लांबचा कार्यक्रम चालवा.

वाढीव वॉरंटी घ्यावी का, असंही तुम्ही विचारलं आहे. कंपनीची स्वतःची असेल, त्यात ‘बोर्ड, मजुरी आणि भेट’ हे शब्द स्पष्ट असतील आणि दोन वर्षांचा भाव एका बोर्डाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी असेल, तर घ्या. दुकानदाराच्या किंवा तिसऱ्याच संस्थेच्या योजनेत ‘झीज’, ‘कीटक’, ‘व्होल्टेज’ असे अपवाद शोधा. ते असतील तर ज्या कारणांनी बोर्ड जातो, तीच कारणं बाहेर काढलेली आहेत.

प्रश्न : समुद्राजवळ घर. दीड टनाच्या इन्व्हर्टर एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. तीन वर्षांत तिसऱ्यांदा 3,500 रुपये दिले. कंपनी बदलू का? (रत्नागिरी)

कंपनी बदलण्याआधी मेकॅनिक बदला. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला, आणि गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या माठात ओतलेलं पाणी. तुम्ही दिलेल्या 10,500 रुपयांत बहुधा नवी कॉइल बसली असती.

योग्य काम असं असतं. आधी दोन्ही युनिटांच्या जोडनळ्यांवरचे फ्लेअर नट साबणाच्या पाण्याने तपासायचे, कारण बसवतानाच ते नीट आवळले नसतील तर गळती तिथेच असते आणि ती काही मिनिटांत बंद होते. तिथे नाही सापडली तर उरलेला गॅस काढून नळ्यांत कोरडा नायट्रोजन साधारण 350 ते 400 पीएसआय (दाबाचं माप) इतक्या दाबापर्यंत भरून काही तास ठेवायचा. काटा उतरला तर गळती आहे, आणि कुठल्या युनिटात आहे ते दोन्ही वेगळे करून कळतं. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवून नळ्यांतली हवा आणि ओल काढायची. मग बाहेरच्या युनिटच्या पाटीवर लिहिलेलं वजन, दीड टनाला बहुधा 600 ग्रॅम ते 1 किलोच्या दरम्यान, काट्यावर मोजून भरायचं. मेकॅनिकने वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप आणले नसतील आणि नुसतं गेज लावून ‘थंड झालं’ म्हणाला, तर त्या कामाचे पूर्ण पैसे देऊ नका. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यामुळे गेजवरच्या दाबावरून गॅस किती हवा हे ठरत नाही.

पाटीवर गॅस कुठला आहे तेही पाहा. आर-32 सौम्य ज्वलनशील आहे. गॅस पूर्ण काढून नायट्रोजन फिरवल्याशिवाय नळीला ज्योत लावू देऊ नका. जुन्या आर-22 च्या एसीत दुसरा गॅस ‘चालतो’ म्हणून भरू देऊ नका.

खाऱ्या हवेत कॉइलवरच्या पातळ पट्ट्या (फिन) आणि पत्रा आधी गंजतो, मग कॉइलच्या नळ्या. तांब्याची कॉइल कोकणात ॲल्युमिनियमपेक्षा सोयीची, कारण तिला छोटं भोक पडलं तर झाळून बुजवता येतं. ॲल्युमिनियमच्या बारीक वाहिन्यांची कॉइल गळली की ती बदलावीच लागते. कॉइलवरचा निळा लेप म्हणजे आवरण आहे, कवच नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, बाहेरच्या युनिटवर साध्या गोड्या पाण्याचा हलका फवारा मारून मीठ धुवा, जोराचा प्रेशर पंप वापरू नका. पुढचा एसी घेताना बाहेरच्या कॉइलवर किती वर्षांची वॉरंटी आहे आणि त्यात समुद्रकाठचा गंज धरला आहे का, हे दोन्ही वाचा. अनेक कार्डांत गंज वगळलेला असतो.

बोर्डाची काळजी कोकणात वेगळीच. बाहेरच्या युनिटच्या खोक्यात पाली शिरतात आणि बोर्डावर चिकटून शॉर्ट करतात. वायर आत जाते ती भोकं रबरी ग्रोमेटने किंवा सिलिकॉनने बंद करून घ्या. हवेच्या जाळ्या मात्र कधीच झाकायच्या नाहीत.

प्रश्न : आठ वर्षांचा 250 लिटरचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज थंड होत नाही. कॉम्प्रेसर बदलायला 9,500 सांगितले आहेत. दुरुस्त करू की नवा घेऊ? (पुणे)

आधी कॉम्प्रेसर खरंच गेला आहे का, ते ठरवा. ‘कॉम्प्रेसर गेला’ हे फ्रिजमधलं सर्वांत घाईने केलेलं निदान आहे.

मागे कान लावा. दर काही मिनिटांनी गुरगुर होऊन ‘टक्’ असा आवाज येऊन बंद होत असेल, तर संशय आधी रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग) आणि ओव्हरलोड (जास्त तापल्यास तो बंद करणारा भाग) यांच्यावर घ्यायचा. हे दोन्ही मिळून 200 ते 500 रुपयांचे भाग आहेत. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या कॉम्प्रेसरला तीन पिना असतात. मल्टिमीटरने तिन्ही जोड्यांचा रोध मोजायचा. दोन लहान रोधांची बेरीज मोठ्या रोधाइतकी आली आणि कुठल्याही पिनेपासून पत्र्यापर्यंत करंट पोहोचत नसेल, तर वाइंडिंग ठीक आहे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या तिन्ही जोड्यांचा रोध जवळजवळ सारखा यायला हवा. तो सारखा असून कॉम्प्रेसर चालत नसेल, तर दोष बहुधा त्याला चालवणाऱ्या बोर्डात. मेकॅनिकने मीटर न लावताच कॉम्प्रेसर ठरवला असेल, तर दुसरा माणूस बोलवा.

कॉम्प्रेसर चालू आहे, फ्रीजरमध्ये थोडं थंड आहे आणि खालच्या कप्प्यात भाजी गरम होते आहे, अशी तुमची तक्रार असेल तर प्रकरण वेगळं. फ्रीजरच्या मागच्या झाकणाआड बर्फाची भिंत तयार झाली असणार. डीफ्रॉस्ट हीटर, बायमेटल (थंडी-उष्णता ओळखणारा स्विच) किंवा सेन्सर आणि थर्मोफ्यूज (जास्त तापल्यास उडणारा फ्यूज) यांपैकी एक गेला की असं होतं. फ्रिज दार उघडं ठेवून 24 तास बंद ठेवा. सुरू केल्यावर तीन-चार दिवस ठणठणीत चालून पुन्हा तेच झालं, तर हेच दुखणं. दुरुस्ती 1,000 ते 2,500 रुपयांची. बर्फ सुरीने उकरू नका. नळीला टोचलं की मग खरंच गॅसचं काम निघतं.

सगळं तपासून कॉम्प्रेसरच गेलेला निघाला, तर साधा हिशोब मांडा. 9,500 खर्चून फ्रिज आणखी चार वर्षं चालला, तर वर्षाला सुमारे 2,400 पडले. नवा 27,000 चा फ्रिज बारा वर्षं चालला, तर वर्षाला 2,250. शिवाय नव्या फ्रिजने वर्षाला 100 युनिट वाचवली आणि युनिट 10 रुपयांना धरलं, तर आणखी 1,000 रुपये वाचतात. या आकड्यांत नवा घेणं बरं. फ्रिज चार वर्षांचा असता, तर याच खर्चात आम्ही दुरुस्ती करायला सांगितलं असतं, कारण पुढे आठ वर्षं हाती राहिली असती. नवा घेताना नुसते तारे मोजू नका. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक केले जातात, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच तारे आणि नव्या लेबलवरचे पाच तारे एक नव्हेत. लेबलवरचा वर्षाच्या युनिटांचा आकडा वाचा.

कॉम्प्रेसर बदलायचाच ठरला, तर त्याबरोबर फिल्टर-ड्रायर (गॅसमधली ओल आणि कचरा अडवणारा) नवा बसलाच पाहिजे. गॅस आर-600ए असेल तर तो जेमतेम 30 ते 60 ग्रॅम लागतो आणि ज्वलनशील असतो. काट्याशिवाय भरणाऱ्याला हात लावू देऊ नका. त्या जागी आर-134ए चालवतो म्हणणाऱ्यालाही नको. त्या गॅसचा दाब आणि तेल वेगळं असतं, कॉम्प्रेसर लवकर बसतो. आणि गळती बाजूच्या भिंतीत पुरलेल्या नळीत सापडली, तर भिंत उघडता येत नाही. मग मागे बाहेरून वेगळी कंडेन्सर कॉइल बसवतात. दिसायला बरी नसते, काम चोख करते.

प्रश्न : महागडा मिक्सर घ्यावा की साधा? आधीचा दोन वर्षांत बंद पडला. (अकोला)

मिक्सर हे आपल्या घरातलं सर्वांत दुरुस्तीयोग्य यंत्र आहे, म्हणून इथे ब्रँडपेक्षा गल्लीतल्या दुकानात त्याचे भाग टांगलेले दिसतात का, ते पाहा. खालचा रबरी कपलर 40 ते 100 रुपये, कार्बनची जोडी 60 ते 120, भांड्याचा बुश आणि पातं मिळून 150 ते 350. कपलर मुद्दामच मऊ ठेवलेला असतो. भांडं अडकलं तर तो तुटतो आणि मोटर वाचते. तो तुटला म्हणून मिक्सर वाईट ठरत नाही. बदलताना बऱ्याच मिक्सरांत आटे उलटे असतात. खालून शाफ्ट स्क्रूड्रायव्हरने धरून कपलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो.

जुना टाकण्याआधी तळाचं लाल बटण दाबून पाहा. भार जास्त झाला की ते बाहेर येतं, मिक्सर पूर्ण मेल्यासारखा वाटतो. दहा मिनिटं थांबून ते आत दाबा. ठिणग्या जास्त आणि जळका वास असेल तर कार्बन झिजले आहेत. धूर निघाला तरच वाइंडिंगचा प्रश्न, आणि ते साधारण 500 ते 900 रुपयांत पुन्हा करून मिळतं. तांब्याच्या तारेचं आहे का, विचारून घ्या.

भाकरीसोबतचा ठेचा, शेंगदाण्याचं कूट, मसाला असं रोजचं कोरडं दळण असेल, तर 500 वॉटवर भागवू नका, 750 घ्या. भिजवलेल्या डाळीत पाणी कमी पडलं की मोटर सर्वांत जास्त तापते.

प्रश्न : गीझरची टाकी चार वर्षांत गळली. पाणी जड आहे. कुठली कंपनी जड पाण्याला टिकते? (सोलापूर)

टाकी वाचवते ती आतली मॅग्नेशियमची कांडी, म्हणजे ॲनोड. पाणी पोलादाला खाण्याआधी तिला खातं. ती संपली की टाकीची पाळी. जड पाण्यात तिला दर वर्षी उघडून पाहायचं, निम्म्याहून जास्त झिजली किंवा आतली तार दिसू लागली की बदलायची. खर्च भागासकट 400 ते 900 रुपये. त्याच वेळी हीटरच्या दांडीवरचा क्षाराचा थर काढून घ्या. थर्मोस्टॅट 55-60 अंशांवर ठेवा. पाणी जितकं जास्त तापेल, तितका क्षार झपाट्याने बसतो. घेताना दुकानदाराला विचारा : ॲनोडची कांडी वेगळी, बाहेरून काढता येते का? टाकीच्या वॉरंटीत जड पाणी वगळलं आहे का? नवी टाकी स्वतंत्र मिळत नसेल, तर टाकी गळणं म्हणजे गीझर संपणं.

प्रश्न : जर्मनीत स्थायिक झालो आहोत. इथे वॉशिंग मशीन घेताना हेच निकष लावायचे का? (म्युनिक)

निकष तेच, पण तुमच्या हाती कायदा जास्त आहे. मार्च 2021 पासून युरोपीय संघात नियम आहे : वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग, मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून पुढे निदान 10 वर्षं मिळाले पाहिजेत, आणि मागणीनंतर 15 कामकाजाच्या दिवसांत पोहोचले पाहिजेत. फ्रिजसाठी बहुतेक भागांना 7 वर्षं, दाराच्या गॅस्केटला 10. दाराचं रबर, बिजागरी, साबणाचा कप्पा असे भाग ग्राहक स्वतः मागवू शकतो. पंप, बेअरिंग, हीटर, बोर्ड व्यावसायिक दुरुस्तीकारांना द्यावे लागतात.

मात्र भाग मिळणं आणि परवडणं वेगळं. तिकडे मजुरी महाग, तेव्हा बंद टबाचा प्रश्न भारतापेक्षाही मोठा ठरतो. फ्रान्समध्ये यंत्रावर दहापैकी गुण छापावे लागतात, आणि 2021 पासूनच्या दुरुस्तीयोग्यतेच्या गुणांत सुट्या भागांची किंमत हाही एक निकष होता. तेच मॉडेल फ्रान्समध्येही विकलं जात असेल, तर तिथले गुण पाहून घ्या. खरेदीची पावती जपा. विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी 2 वर्षांची असते, आणि पहिल्या वर्षात दोष निघाला तर तो मुळातला नव्हता हे सिद्ध करायचं काम विक्रेत्याचं असतं.

प्रश्न : वॉरंटीतला फ्रिज. बोर्ड ‘मागवला आहे’ असं दोन महिने ऐकतो आहे. काय करावं? (ठाणे)

फोनवर भांडण्यात आणखी महिना घालवू नका. प्रत्येक तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि मेकॅनिकने दिलेलं जॉब शीट एकत्र ठेवा. जॉब शीटवर ‘भाग उपलब्ध नाही’ असं लिहून देण्याचा आग्रह धरा, पुढच्या सगळ्या कामाचा पाया तोच कागद आहे. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा : 15 दिवसांत दुरुस्ती, नाहीतर बदली किंवा पैसे परत. त्याची प्रत दुकानदारालाही पाठवा.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. हे मोफत आहे आणि अनेक प्रकरणं इथेच मिटतात. त्यानंतरची पायरी ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, कंपनीचं मुख्य कार्यालय दिल्लीत असलं तरी. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइनही करता येतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे. अर्जात फ्रिजच्या किमतीबरोबर दोन महिन्यांत झालेला खर्च, म्हणजे बर्फ, बाहेरून आणलेलं दूध, वाया गेलेलं सामान, पावत्या असतील तेवढा मागा.

तोवर बाहेरच्या मेकॅनिककडून फ्रिज उघडून घेऊ नका. सील तुटलं की वॉरंटी नाकारायला कंपनीला कारण मिळतं. आणि कंपनीने बोर्ड बदलून दिलाच, तर जॉब शीटवर नव्या बोर्डाचा क्रमांक आणि बसवल्याची तारीख लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.